डाव्या हाताचा पीळ

आर्लजवळून,
१२ नोव्हेंबर १९७८

प्रिय ओरेलियाँ,

ताईचं पत्र म्हटलं की तू आधी शेवटची ओळ वाचतोस. तसं करू नकोस. नीट वरून वाच.

इकडे ऑलिव्ह उतरवून झाली, गिरणीतून तेलही आलं. परवाच्या वाऱ्यानं शेजारच्या ऑनोरीनकाकूंचं धुराडं पाडलं, तर बाई म्हणतात आमच्या कोंबड्यांनी पाडलं!

आईनं तुझी खुर्ची विणायला काढली आहे. हो, तीच, आजोबांच्या अक्रोडी खुर्च्यांमधली. तू पॅरिसला निघून गेलास त्या रविवारी तिनं तिची विणलेली बैठक सुरीनं कापली होती, "आता बघते कोण बसतंय ते" म्हणत. चौकट मात्र टेबलाशीच ठेवली. इतकी वर्षं त्या भोकाशेजारी बसून मी सूप पितेय. खुर्ची माळ्यावर टाकू का म्हटलं की माझ्यावरच डाफरायची.

या उन्हाळ्यात तिनं स्वतः दलदलीत उतरून बैठक विणायची लव्हाळी कापून आणली, वाळवली. "कुणासाठी गं?" विचारलं, तर म्हणाली, "मांजरासाठी." गावभरच्या खुर्च्या विणेल, पण चुकले म्हणायला तिची जीभ उचलायची नाही. चारही कोपरे इतके सुरेख भरलेत की ते बघून मला रडू आलं.

मधलं राहिलंय.

आता किती टाळू? आईचा डावा हात गेला रे. सोमवारी विणता विणताच अर्धांगाचा झटका आला. बोलते, जेवते, शिव्या देते. पण डॉक्टर म्हणाले, दुसरा आला तर काही खरं नाही.

मी विणायला बसले, तर पलंगावरून ओरडली, "उलटा पीळ! उसव ते! या घरात डावखुरी माणसं दोनच." मग भिंतीकडे तोंड करून पुटपुटली, "दुसरा कुठे मेलाय कोण जाणे."

तुला लिहितेय हे मी तिला सांगितलेलं नाही. तरी आज सकाळी तिनं माझ्याकडून लव्हाळी भिजत घालून घेतली.

भिजलेली लव्हाळी थांबत नाहीत, कुजतात. हे तुला तिनंच शिकवलंय. ये. काही बोलू नकोस, नुसता विणायला बस.

तुझी,
उजव्या हाताची ताई,
सोलाँज