आठ खुर्च्यांच्या कमानी

३ नोव्हें., सोम.
थाटीपुरच्या मॅडमकडून टेंपो आला. आठपैकी शेवटच्या दोन खुर्च्या दुरुस्तीला, आणि मागच्या महिन्यात दुरुस्त करून दिलेली एक परत, वेत सैल झाला म्हणून. वेत कसला बघतो, नजर गेली ती पाठीच्या वरच्या कमानीवर. ही कमान माझी नाही.

फळीतून तुकडा काढतानाच मी बघतो की लाकडाची रेष मुळात त्या बाजूला वळलेली असावी, म्हणजे कमान पुढे चिरत नाही. या खुर्चीच्या तुकड्यात उजव्या टोकाला बारीक गाठ होती. ती मी मुद्दाम मागच्या अंगाला घेतली होती. आता गाठ नाही. रेष सरळसोट. शिवाय कमान मधोमध खचल्यासारखी दिसते. असलं काम माझ्या हातून होत नाही. तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, फळ्यावर एका हाताने वर्तुळ काढायचो.

कमानी कापणं-घासणं माझं, जोडणं आणि पॉलिश रामसेवक मिस्त्रीचं (पुढे नुसतं रा., नाव लिहायचा कंटाळा येतो). अकरा वर्षं हेच, घराच्या मागच्या खोलीत. मधे तिसरा हात नाही. मग?

४ नोव्हें.
रा.ला काही बोललो नाही. आधी बघायचं, मग बोलायचं.

माझ्या कमानी जुन्या दारांच्या सागाच्या. तसा साग आता मिळत नाही. बाड्याच्या बाजारात एकजण जुन्या सागाचे तुकडे मागत फिरतो म्हणे. म्हणजे माझी कमान तिकडे, आणि खुर्चीला कुठलंतरी लाकूड. सरळ हिशेब आहे. मॅडमच्या आठही कमानी वाळवीने खाल्लेल्या होत्या, त्यातल्या सहा मी करून दिल्या. सहाच्या सहा गेल्या असतील तर…

सौ.ला सांगितलं. म्हणाली, "काहीतरीच काय! रामसेवक असा नाही." फार चटकन म्हणाली.

६ नोव्हें., गुरु.
सातवी कमान पुरी केली. रेष सुंदर वळलेली. फर्मा लावून तीनदा बघितली, तंतोतंत. मागच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पटाशीच्या टोकाने बारीक फुली मारली. रा.च्या हातात दिली.

त्याने ती उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून लांबून बघितली. "बढ़िया है भाऊसाहब." नजर मात्र माझ्याकडे नव्हती.

आज खिडकीच्या गजांवरून ठेकेदाराला शिव्या घातल्या. मधले दोन गज वाकडे बसवलेत. दोन वर्षांत मला दिसलं कसं नाही! हल्ली सरळ काम करणारा माणूस उरलेलाच नाही या शहरात.

८ नोव्हें.
संध्याकाळी रा. सायकलला पोतं अडकवून निघाला.
"क्या ले जा रहे हो?"
"छीलन है, चूल्हे के लिए."
रंध्याच्या सालींचं पोतं फुगतं, लोंबत नाही. हे लोंबत होतं. मी दारात उभा राहिलो, तोही थांबला. उघडून दाखव असं म्हणायला जीभ रेटेना. अकरा वर्षं एका किटलीतला चहा प्यायलोय.

९ नोव्हें., रवि.
रा.ची सुट्टी. सौ. देवळात गेली तेवढ्यात सातवी खुर्ची उलटी करून बघितली. कमान बसवलेली, पहिला हात पॉलिशचा दिलेला. फुली नाही! बोटाने चाचपून बघितलं, भिंगातून बघितलं. नाही म्हणजे नाही.

आता संशय राहिला नाही, खात्री झाली. तरी बरं वाटेना. दुपारी जेवण गेलं नाही. सौ. विचारत होती, पोट दुखतंय का. हो म्हटलं.

११ नोव्हें.
बाजारातून लवकर परत आलो. मागच्या दाराशी सौ. आणि रा. बोलत उभे. मला बघताच दोघं गप्प. मग सौ. मोठ्याने, "तर भैया, तो दरवाज़ा भी ज़रा देख लेना." कुठला दरवाज़ा? घरातली सगळी दारं ठीक आहेत.

म्हणजे घरचं माणूसही सामील. कशात, ते कळत नाही. सौ.ला सागाचं काय करायचंय? तिला साग आणि आंब्याची फळी यातला फरक चाळीस वर्षांत कळला नाही.

रात्री भाजीत मीठ जास्त होतं, तेवढ्यावरून भांडलो. मुद्दा मिठाचा नव्हताच, हे तिलाही कळलं असणार.

१३ नोव्हें., गुरु.
रा. मित्राच्या मुलाच्या लग्नाला मुरैन्याला गेलाय. ही संधी.

किल्ल्याच्या पायथ्याशी त्याचं घर, अकरा वर्षांत दोनदा गेलो असेन. बायकोने खाट टाकली, पाणी आणलं. "वो तो बारात में हैं." मी म्हटलं, एक फर्मा राहिलाय, बघून घेतो. खोटं बोललो. तिने मागची पडवी दाखवली.

भिंतीला खुंट्या, त्यांवर जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी. सोडलं. माझ्या कमानी. सातही. गाठवाली, फुलीवाली, सगळ्या. एकही विकलेली नाही. तेल लावून ठेवलेल्या.

ती म्हणाली, "आपकी हैं, मालूम है. हमसे कहा है, भूल के भी चूल्हे में मत डालना."

मला काही उमजेना. चोरायचं आणि जपायचं? एक कमान उचलली, डोळ्यासमोर धरली. सुरेख. दुसरी, सुरेख. मग सवयीने तळहात फिरवला तिच्यावरून. डाव्या बाजूला हात चढला. मधे फुगवटा. जमिनीवर ठेवली तर डुगडुगायला लागली. दुसरीही. सातच्या सात, डाव्या बाजूला, त्याच जागी.

डोळ्याला दिसत नाही आणि हाताला लागतं. तिथेच खाली बसलो. तिने चहा करते म्हटलं. नको म्हणालो.

ऑटो करून परत. वाटेत एकेका दुकानाची पाटी बघत आलो. मधलं अक्षर सगळीकडे थोडं वाकतं.

१४ नोव्हें.
रा. आला. मी एवढंच म्हटलं, "तुम्हारे घर गया था."
त्याने हातातला ब्रश ठेवला. मग, "चोर समझे थे ना? समझ लेते. बता देते तो आप औज़ार रख देते."

कमानी तो घरी, त्याच्या पडवीत परत कापायचा. जुना साग वाया जाऊ नये म्हणून नवीन लाकूड स्वतः आणायचा. राखीपासून हे चाललंय. सौ.ला पहिल्या दिवसापासून माहीत.

तिला विचारलं. ती पोळ्या लाटत होती, थांबली नाही. "खिडकीचे गज वाकडे म्हणालात. परात वाकडी म्हणालात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणे, चष्मा पुसून घेतो. काय करायचं होतं मी? तुम्ही काम सोडून त्या खोलीत नुसते बसून राहिला असतात, ते मला बघवलं नसतं."

"मग माझ्यावर दया केलीत दोघांनी."

"हो, केली," म्हणाली. "त्यात काय चुकलं?"

राग आला, खूप आला. लाज त्याहून जास्त. रा. चोर निघाला असता तर बरं झालं असतं. चोराला घालवता येतं.

१७ नोव्हें., सोम.
डोळ्यांचा दवाखाना. सौ. बरोबर, रा.ही सायकलने येऊन बाहेर उभा. नको म्हटलं तरी.

डॉक्टरीण तरुण. चौकड्यांचा एक कागद समोर धरला, मधे ठिपका. एक डोळा झाकून, "लाइनें सीधी हैं?" मला कळलं तिला काय हवंय. कागदावर छापलेल्या रेघा सरळच असणार, तेव्हा "सीधी हैं" असं बिनधास्त सांगितलं. तिने हसून पेन्सिल हातात दिली. "जैसी दिखती हैं, वैसी बनाइए."

मास्तर माणूस, पेन्सिल हातात आल्यावर खोटं काढता येईना. काढलं. मधल्या रेघा डावीकडे ओढल्यासारख्या वाकल्या. रेघ मात्र एका दमात काढली. सौ. दुसरीकडे बघत होती.

उजवा डोळा पडद्यापाशी खराब, डावा बरा आहे पण तिथेही सुरुवात. डोळ्यात इंजेक्शन देतात. महिन्याला एक, निदान तीन. आहे तेवढं थांबेल. गेलेलं किती परत येईल ते ती सांगेना. दोनदा विचारलं, दोनदा बोलणं टाळलं. पहिलं मंगळवारी, २५ला.

१९ नोव्हें.
दोन दिवस खोलीत गेलो नाही. रा. रोज वेळेवर येतो, आठवी खुर्ची पुढ्यात ठेवतो आणि दुसरंच काहीतरी घासत बसतो. कमानीला हात लावत नाही. माझी वाट बघतोय की मी हरलोय असं माझ्या तोंडून ऐकायची?

हा असा विचार मनात येतो याचीही आता लाज वाटते. पण येतो.

२० नोव्हें., गुरु.
गेलो. म्हटलं, आठवी कमान दोघंही करू. एकाच फळीतून दोन तुकडे, एकच फर्मा. मग डोळे बांधून मी हाताने बघणार, जी चांगली ती खुर्चीला.
"और आपकी ना निकली तो?"
"तो नहीं."
त्याने मान हलवली. फळी त्याने काढली, रेष मी निवडली.

माझी कमान करताना पहिल्यांदाच नजरेचं ऐकलं नाही. दर चार हातांनी रंधा ठेवायचा, डोळे मिटायचे, तळहात फिरवायचा. डोळा म्हणतो अजून काढ, हात म्हणतो पुरे. हाताचं ऐकायला फार जड जातं. एक दिवसाचं काम, तीन दिवस लागणार.

२२ नोव्हें.
माझी झाली. मला वाटतं, चांगली झाली. वाटण्याला आता किती किंमत द्यायची, कोण जाणे.

रा. त्याची रोज पोत्यात घालून घरी नेतोय. म्हणे इथे केली तर मी बघेन आणि मग बोटांना आधीच कळेल. बरोबर आहे. तरी ते पोतं फुगलंय की लोंबतंय, ते मी बघतोच.

२४ नोव्हें., सोम.
सकाळी दहा. सौ.ने डोळ्यांवर पंचा बांधला. "या वयात आंधळी कोशिंबीर," म्हणाली, पण गाठ बांधताना तिचे हात गार होते.

रा.ने दोन्ही कमानी आडव्या ठेवल्या. आधी उजवी. डावं टोक, मध, उजवं टोक. कुठे चढ नाही. मग डावी. तिथेही नाही. पुन्हा उजवी. पुन्हा डावी. माझ्या हाताला माझं काम ओळखू येईल असं मी धरून चाललो होतो. येईना. दोन्ही कमानी सारख्या, जणू एकाच हाताच्या.

एकाच हाताच्या. हे मनात आलं आणि तळहात तिथेच थांबला. माझी रात्री पुन्हा बदलली असेल तर? मी तीन दिवस घासत होतो ती कुठल्यातरी खुंटीवर, आणि या दोन्ही रा.च्या?

"भाऊसाहब?"
"ये वाली." डावी उचलली.
पंचा सोडला तेव्हा त्याने दुसरी फडक्यात गुंडाळलेली होती. "ठीक है," म्हणाला आणि सरस गरम करायला घेतला. कुणाची ते सांगितलं नाही. सौ.कडे बघितलं, ती पंच्याची घडी घालत होती. दोनदा घातली.

दुपारपर्यंत कमान बसली. डाव्या डोळ्याने बघितली, उजव्याने बघितली, हात लावून बघितला. चांगली आहे, कुणाचीही असो. रा. समोर बसून पॉलिशची पुरचुंडी पिळत होता. एक शब्द विचारला असता तर त्याने खरं सांगितलं असतं, हेही मला माहीत आहे.

उद्या साडेनऊला दवाखाना. ऑटो रा.ने सांगून ठेवलीय.

विचारलं नाही.