गाडीची ओली सीट

आबा, पुढच्या महिन्यात मी तुमच्यापेक्षा मोठा होईन. तुम्ही गेलात तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होतात, आणि मला आता अठ्ठेचाळीस पुरी होतील. कोणाला सांगितलं तर हसतील, पण हल्ली रोज सकाळी उठलो की आधी मी डावा हात उघडून मिटून बघतो. मग दोन्ही पायांवर नीट उभा राहतो. मग बायकोला काहीतरी विचारतो, किती वाजले, दूध आलं का, म्हणजे जीभ वळते की नाही ते कळतं. ती म्हणते, समोर घड्याळ असताना रोज काय विचारता? खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही. आज ती आणि मुलगी चलथाणला तिच्या बहिणीकडे जेवायला गेल्यात, घर रिकामं आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

कतारगामची आपली खोली डोळ्यांसमोर येते. तुम्ही कापड विणायच्या लूमच्या खात्यात बारा तास त्या खडखडाटात उभे राहून यायचात आणि घरीही त्याच आवाजात बोलायचात. साधं पाणी मागितलं तरी शेजारच्यांना वाटायचं, भांडण चाललंय. पुष्कळदा ते असायचंही. चपला दारात आडव्या का, माचिस जागेवर का नाही, भाकरीची कड कच्ची का राहिली. तुमच्या सायकलचं स्टँड वाजलं की आई पदराला हात पुसत उठते, सगळ्या खोलीवरून एकदा नजर फिरवते, आणि मीही फिरवतो. एकमेकांशी एक शब्द न बोलता आम्ही दोघं खोली तपासतोय. मोठ्या गोष्टीला मात्र तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत. तुमचं बोट मशीनमध्ये गेलं त्या दिवशी फडकं गुंडाळून चालत घरी आलात आणि आईला म्हणालात, "रडू नको, च्या मांड." मी दहावीला गणितात उडालो तेव्हा वाटलं, आता चामडी लोळवणार. तुम्ही मला बाजारात नेऊन कंपासची नवी पेटी घेऊन दिलीत. "परत बस," म्हणालात, "आपलं सगळं खातं नापाससनी भरेल शे." दुसऱ्या दिवशी ती पेटी उंबऱ्यात पडलेली दिसली म्हणून तुम्हीच ती भिंतीवर भिरकावलीत. झाकणाला पोचा आला. तुम्ही वाईट होतात असं मला कधी म्हणता आलं नाही, आणि तुमची भीती वाटली नाही असा एक दिवसही आठवत नाही.

मग ती सकाळ. शेजारचे काका तुमच्याच गावचे, तुमच्याच खात्यातले. त्यांनी सायकल आपल्या खिडकीखाली टेकवली होती आणि हँडल खिडकीच्या दाराला लागत होतं. तेवढंच. तुम्ही बाहेर जाऊन ओरडायला लागलात, तेही ओरडले. मी आत दंतमंजन लावत उभा होतो. एकदम तुमचा आवाज थांबला. तुम्ही आत आलात, पलंगावर बसलात, "मना डोकामा काय तरी व्हई ऱ्हायनं," म्हणालात आणि कलंडलात. ज्यांच्याशी भांडत होतात त्यांनीच तुम्हाला खांद्यावर टाकून रिक्षापर्यंत नेलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेराव्यापर्यंत काका रोज यायचे आणि दाराबाहेर बसायचे. एकदाच आईला म्हणाले, "वहिनी, सायकल काढाले मले कितला येळ लागता?"

मी तेव्हाच ठरवलं होतं, असल्या बारीकसारीक गोष्टीवरून आपण डोकं तापवायचं नाही. आणि बघा. मी आता पर्वत पाटियाजवळ राहतो, साड्यांच्या दुकानात पॅकिंगचं काम बघतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक गुजराती म्हातारा-म्हातारी राहतात. त्यांचे धुतलेले कपडे बाल्कनीतून ठिबकतात ते बरोबर माझ्या गाडीच्या सीटवर. उन्हाळ्यात दोनदा वर जाऊन बजावून आलो. त्यानंतर सीट रोज कोरडी. मनातल्या मनात म्हटलं, दम दिल्याशिवाय लोक ऐकत नाहीत. मग दिवाळीच्या आधी एका सकाळी सीट पुन्हा ओली. आबा, मी जिने चढलो ते मला आठवत नाही. त्यांच्या दारावर मुठी मारत होतो एवढं आठवतं. म्हातारबाबा टॉवेलवर बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "भाई, पाणी ज छे ने." नुसतं पाणीच तर आहे, या बोलण्यानं मी जास्तच पेटलो. बोलता बोलता कानशील ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काळं झालं आणि मी मधेच गप्प होऊन जिन्यात बसलो. आबा, तेव्हा मला तुमचा पलंग दिसला. खालच्या पायरीवर माझी मुलगी उभी होती, शाळेच्या ड्रेसात, कठड्याला धरून.

डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली. "नानी नानी वात जवा दो, भाई," म्हणाले, म्हणजे बारीकसारीक गोष्टी सोडून द्या. संध्याकाळी घरी मुलगी माझ्याजवळ आली, खाली बघत म्हणाली, "पप्पा, सॉरी. आज माझा पेपर होता ना, म्हणून पुसायची राहून गेली."

"काय पुसायची?"

"सीट. मी रोज पुसते, तुम्ही उठायच्या आधी."

मी बायकोकडे पाहिलं. ती गॅसकडे बघत राहिली. म्हणजे तिलाही माहीत होतं. माझी बारा वर्षांची पोर महिनोनमहिने सकाळी सहाला फडकं घेऊन खाली जात होती, आणि मी समजत होतो की वरचे लोक सुधारले.

आता सीट मी स्वतः पुसतो. वर जाऊन माफी मागून आलो. म्हातारबाबांनी चहा पाजला, कपडे अजून ठिबकतातच. कोणी मागून हॉर्न वाजवत बसला तर मी स्वतःला विचारतो, संध्याकाळपर्यंत हे लक्षात राहणार आहे का? बऱ्याचदा राहतं. पण तोंड बंद ठेवून निघून जाणं जमायला लागलंय. तरी मी घरात शिरलो की हसणं थांबतं, आणि मायलेकी एकदा खोलीभर नजर फिरवतात. मी चपला काढतो आणि वाकून कडेला सरळ लावून ठेवतो.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही, मुलगी माझं अक्षर लावते. त्या परत यायच्या आत फाडून टाकीन. एक गोष्ट आईलाही कधी सांगितली नाही, ती एवढी लिहितो. त्या सकाळी बाहेर तुमचा आवाज एकदम थांबला ना, तेव्हा तुम्ही आत येईपर्यंतच्या त्या दोन क्षणांत मला बरं वाटलं होतं, आबा. सुटलो, असं वाटलं होतं. जिन्यात मी गप्प झालो तेव्हा माझ्या मुलीला काय वाटलं, ते तिला विचारायची माझी छाती होत नाही.