चारशे कमी पडले, त्याची वही

नाही दादा, ते पैसे मी खाल्ले नाहीत. दोन वर्षं झाली, आईच्या आडून तू तेच विचारतोस आणि मी तेच सांगतो. आता लेखी देतो, म्हणजे विषय संपेल.

तर मी, वय सव्वीस, शिक्षण सातवीपर्यंत, धंदा परांच्या बांधण्याचा, मुक्काम कामगारांच्या इमारतीत खोली तेवीस, वरचा पलंग, आज पुऱ्या शुद्धीत, पोटभर जेवून, कुणी हात धरून लिहवून घेत नसताना, माझ्यामागे कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवतो. आजार कसलाही नाही. सोमवारपासून कारखान्याच्या धुराड्याला परांची बांधायची आहे, उंची एकशेदहा मीटर. कंपनीच्या फॉर्मवर वारसाचं एकच नाव मावतं. माझी माणसं जास्त आहेत, म्हणून हा वेगळा कागद. याआधी असा कागद मी केलेला नाही.

एक. घरावरची खोली माझ्या पैशाने झाली आहे. ती पुतणीला द्यावी. अट एवढीच की खोलीला दार बसवावं. सुताराच्या घरात एका खोलीला दोन वर्षं नुसता पडदा आहे, आणि तो लाकूड नाही म्हणून नव्हे, माझ्यावरच्या रागाने आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. दाराला आतून कडी हवी. पोरगी मोठी होतेय.

दोन. बँकेत असेल ते आणि कंपनी भरपाई देईल ती, सगळं आईचं. तिने त्यातलं कुणाला उसनं देऊ नये, मामाला तर नाहीच. मामाने माझी सायकल विकली आणि चोरीला गेली म्हणून सांगितलं. मी अकरा वर्षांचा होतो, पण माझी सायकल दुसऱ्याच्या दारात ओळखण्याएवढी अक्कल मला होती.

तीन. माझे पाने, लेव्हलची पट्टी आणि बूट खालच्या पलंगावरच्या वेल्डरला. बूट त्याला एक नंबर मोठे होतील, पुढे कागद कोंबावा. मुकादमावरचा राग कुणाच्या नावे करत नाही. तो माझ्याबरोबर मिटला असं समजावं.

चार. उशाखालची निळी वही दादाला.

या वहीत चार वर्षांचे भाव आहेत, इथल्या एकाला आपले किती मिळतात ते. कामावरून बस कोपऱ्यावर सोडते, तिथे पैसे बदलण्याचं आणि घरी पाठवण्याचं दुकान आहे, काचेवर रोजचा आकडा असतो. तो बघायचा आणि लिहायचा. गॅरेज मी चार महिन्यांत सोडलं, बेकरी सहा आठवड्यांत. पण हे एक काम धरून केलं. तापात पडलो त्या दिवशीसुद्धा वेल्डर आकडा बघून आला, वर म्हणाला, "तुझ्या बायकोची तब्येत बरी आहे रे, दोन पैशांनी वर आहे."

काचेमागच्या माणसाला मी एकदा विचारलं, आमचा भाव ठरवतं कोण? तो म्हणाला, "तुमचं चलन आणि आमचं चलन एकमेकांना ओळखतच नाही, बाबा. दोघं आपापलं डॉलरला विचारतात. मध्ये बसून मी भागाकार करतो." मला आपलं घर आठवलं. मागच्या फोनला आई म्हणाली, "दादा विचारतोय, जेवलास का?"

"तो तिथेच बसलाय ना?"

"बसलाय. पण त्याने विचारलं असं सांगू नको म्हणतोय."

"मग त्याला सांग, मी जेवलो. आणि मी सांगितलं असं सांगू नको."

आता वहीचं पान एकतीस काढ. तुला शाळेच्या बाकांचं काम मिळालं होतं आणि लाकडाला चाळीस हजार हवे होते. माझ्याकडे इथले नऊ हजार होते. भाव ४.४०. म्हणजे एकोणचाळीस हजार सहाशे. चारशे कमी. धाकटा परदेशात आणि चारशे कमी पडतात, हे तुला सांगायची मला लाज वाटली. ४.४५ झाला की पुरते चाळीस पाठवू म्हणून थांबलो. चौथ्या दिवशी ४.४२, सहाव्या दिवशी ४.४३. मी मनातल्या मनात पाठवूनही टाकले होते. मग ४.३१, मग ४.२०. अकराव्या दिवशी ४.०२ ला घाबरून पाठवले, छत्तीस हजार एकशे ऐंशी. तोवर नवव्याच दिवशी तू लाकडासाठी रंधा मशीन विकून बसला होतास.

तू विचारलंस, "नऊ हजाराचे एवढेच कसे? आणि इतके दिवस होते कुठे?" मी म्हणालो, बँकेने उशीर केला. बँकेने काही केलं नव्हतं. पैसे माझ्या ट्रंकेत होते. मी खाल्ले नाहीत, पण खोटं बोललो. तुझा हिशेब चुकला दादा, संशय चुकला नाही. तेव्हापासून तू हाताने रंधा मारतोस आणि खांदा दुखतो म्हणत नाहीस, हे वहिनीकडून कळतं.

वर लिहिलं ते सगळं मी गेल्यावर. पाचवं कलम मात्र जिवंतपणीचं आहे.

पाच. तसलंच मशीन साठ हजाराला मिळतंय असं वहिनी म्हणाली. त्यासाठी इथले पंधरा हजार पाच महिने ट्रंकेत पडून आहेत. भाव चारला टेकला की बरोबर साठ होतात, म्हणून परत थांबलो होतो. मध्ये ३.९९ झाला, तरी थांबलो. आज ३.९६ आहे. आज थांबत नाही.

ठिकाण: खोली तेवीस. तारीख चौदा, शुक्रवार, दुकान बंद व्हायच्या आधी.

लिहून देणार: तुझा धाकटा भाऊ. सही.

साक्षीदार पहिला: खालच्या पलंगावरचा वेल्डर. सही. बूट आत्ताच घालून बघितले.

साक्षीदार दुसरा: काचेमागचा भाववाला. आपली भाषा वाचता येत नाही, काय लिहिलंय ते समजावून सांगितलं. सही आणि दुकानाचा शिक्का.

दादा, सहाशे कमी आहेत. ते तू घाल. पाठवले: एकोणसाठ हजार चारशे.