चक्करवही

सिडको, छत्रपती संभाजीनगर
६ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून आधी तू ते उलटंपालटं करशील, ह्या बाईला टपाल कुठून सुचलं म्हणून. दादा, फोनवर मला आता धड ऐकू येत नाही. डावा कान दिवाळीनंतर गेल्यातच जमा आहे. मोबाईलवर अक्षरं वर सरकवली की गरगरायला लागतं. कागद हलत नाही, म्हणून कागद.

चक्कर कशी येते सांगते. आधी कानात दडा बसतो, मग घूं असा आवाज, आणि मग सगळी खोली फिरायला लागते. कधी अर्धा तास, कधी दोन तास. डॉक्टर म्हणतात, आतल्या कानाचा आजार आहे, जिवाला धोका नाही. जिवाचं कोण विचारतंय? मला आईची आठवण येऊन भीती वाटते. शेवटी तिला काहीच ऐकू येत नव्हतं. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये खिडकीच्या गजावर तळवा ठेवून गाडी आली का ते बघायची, आणि आपण समोर बोलत असलो तरी भिंतीकडं तोंड करून बसायची.

एक बातमी मात्र चांगली आहे. इथल्या एका दवाखान्यात ह्याच आजारावरच्या नव्या गोळीचं संशोधन चाललंय, आणि ते करतेय कोण, तर आपली नीरजा. फुलंब्रीच्या शाळेत चौथीत माझ्याकडं होती, दोन वेण्यांची. आता कानाची डॉक्टर आहे. निम्म्या पेशंटला खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण रिकामी. कुणाला कुठली हे तिलाही ठाऊक नसतं, मोहोरबंद पाकिटात असतं. मी नाव घातलं. रोज चक्कर किती आली ते शून्य ते दहा आकड्यांत लिहायला वही दिलीय. मी तिला चक्करवही म्हणते.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते कळव. लोभ आहेच, फक्त आता तो मोठ्या अक्षरात लिहीत जा.

तुझी,
उमा


लासूर स्टेशन
१४ जानेवारी २०२५

चि. उमास,
अ. उ. आ.

आज संक्रांत. दरवर्षी तू मला फोनवर गोड बोलायला बजावतेस, यंदा सुटलो. थट्टा केली म्हणून रागावू नकोस. पत्र दोनदा वाचलं आणि नंतर जेवण गेलं नाही.

तू एकटी राहतेस. हिमांशूला पुण्याला कळवलंस का? पोटचा पोरगा आहे, त्याला उगाच ताप नको म्हणून गप्प बसली असशील. खालच्या निलोफरकडं एक किल्ली देऊन ठेव आणि बाथरूमची कडी अजिबात लावू नकोस. गुडघा वाकायला लागला की मी येतोच.

त्या वहीबद्दल एक सांगतो. मी अडतीस वर्षं तिकीटखिडकीवर बसलो, रात्री हिशोब जुळल्याशिवाय उठलो नाही. तू मात्र शाळेची सगळी रजिस्टरं साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी एका बैठकीत भरायचीस, चहा पीत पीत. मी डोळ्यानं बघितलंय. इथं तसलं काही करू नकोस.

आशीर्वाद नेहमीचे, काळजी जरा जास्त.

तुझा,
दादा


सिडको, छत्रपती संभाजीनगर
२० फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही, कडी लावली. शुक्रवारी बाथरूममध्ये चक्कर आली आणि तासभर बादलीला धरून फरशीवर पडून होते. फरशी उभी राहतेय आणि मी तिच्यावरनं घसरतेय असं वाटत होतं. निलोफर लई वेळ दार वाजवत होती म्हणे. मला काही ऐकू आलं नाही. शेवटी तिनं पहार घालून कडी उचकटली. कपाळाला तीन टाके पडले.

त्या दिवसाचा आकडा दहा. वहीत मी दोन लिहिला.

आता सगळं सांगते, पण तुला माझी शपथ आहे, कुणाजवळ बोलायचं नाही. तू म्हणालास तेच मी करतेय. दर पंधरा दिवसांनी तपासणी असते, आदल्या संध्याकाळी बसून पंधरा ओळी भरते. दोन, एक, एक, शून्य. पहिल्यांदा खरे आकडे लिहिले होते. ते बघून नीरजाचा चेहरा एवढासा झाला. पाच वर्षं घातलीत तिनं ह्या गोळीत. पुढच्या वेळी मी कमी लिहिले, तर पोरगी अशी फुलली की मी निघताना माझ्या पाया पडली. तिला मी चौथीत कधी नापास केलं नाही, आता कशी करू?

कानाच्या तपासणीतही कॉपी करते. काचेच्या खोलीत बसवतात, टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. काचेतून नीरजाचं कोपर दिसतं. ते हललं की मी दाबते. तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या, बघ आता.

दुसरी भीती अशी की, पंधरा दिवसांत तीन वेळा सातच्या वर आकडा गेला तर संशोधनातून काढतात आणि जुने उपचार सुरू करतात. मला वाटतं ही गोळीच माझी शेवटची आशा आहे. ती सुटली तर आईसारखी भिंतीकडं तोंड करून बसावं लागेल.

कालपासून उजव्या कानातही बारीक शिट्टी वाजतेय.

रागावलास तरी पाठवत राहा, लोभ आणि पत्रं दोन्ही.

तुझी,
उमा


लासूर स्टेशन
२४ फेब्रुवारी २०२५

चि. उमास,
अ. उ. आ.

मी रागावलोय. आणि घाबरलोय त्याहून जास्त.

अगं, तू गोळीला ग्रेसचे मार्क द्यायला लागलीस? ती चौथीतली पोर नाही, डॉक्टर आहे. तिला तू खोटं सांगितलंस तर ती तुझ्यावर उपचार कशावर करणार? आईचं काय झालं ते तू विसरलीस. आपण बोललो की ती हसून मान हलवायची, आणि दोन वर्षं आपल्याला वाटत राहिलं की तिला ऐकू येतंय. कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, फार उशीर केलात.

शपथ घातलीस म्हणून मी गप्प आहे. पण पुढच्या तपासणीला तू स्वतः सगळं सांग. नाहीतर मी सांगेन, मग माझ्याशी जन्मभर बोलू नकोस.

तुझा,
दादा


सिडको, छत्रपती संभाजीनगर
११ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गेले होते. सांगणार होते. नीरजानं वही घेतली आणि जवळच्या डॉक्टरांना कौतुकानं दाखवली, आमच्या बाईंचं काम कसं नेटकं असतं बघा म्हणून. मी मान डोलावली आणि वही घेऊन घरी आले.

उजव्या कानानं निलोफर आता दुरून बोलल्यासारखी वाटते, आणि ती समोर उभी असते. काल कुकरच्या शिट्ट्या ऐकूच आल्या नाहीत, भात करपल्याचा वास आला तेव्हा कळलं. दादा, मला फार भीती वाटते. शपथ मोडू नकोस.

तुझी,
उमा


लासूर स्टेशन
१९ मार्च २०२५

चि. उमास,
अ. उ. आ.

मोडली.

काल गुडघ्याला पट्टा बांधून सकाळच्या गाडीनं आलो. तुझ्या घरी आलो असतो तर तू मला अडवलं असतंस, म्हणून सरळ दवाखान्यात गेलो आणि तुझी शेवटची दोन्ही पत्रं नीरजापुढं ठेवली. तिनं उभ्यानंच वाचली. कोपराची ओळ आली तेव्हा ती खुर्चीत बसली. मला म्हणाली, काका, बाईंना आजच्या आज बोलवते. निलोफरकडं निरोप ठेवून मी परत फिरलो. तुझ्यासमोर यायचा धीर झाला नाही.

तू आता माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. तुला ऐकू येवो, एवढंच मागतो.

तुझा अपराधी,
दादा


सिडको, छत्रपती संभाजीनगर
२ एप्रिल २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अपराधी मी आहे, तू नाहीस.

तू गेलास त्याच संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी माझं पाकीट फोडलं. नीरजा समोर बसून बोलत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते आणि मी हसून मान हलवत होते. मग ती एकदम थांबली. तिला कळलं. तिनं कागद ओढला आणि लिहायला घेतलं. अक्षर मीच गिरवून घेतलेलं, अजून तसंच गोल आहे. लिहिलं होतं, ‘बाई, तुम्हाला रिकामी गोळी होती.’

म्हणजे अडीच महिने मला औषधच नव्हतं, आणि मी रिकाम्या गोळीला पास करत होते. खऱ्या गोळीनं ज्यांना बरं वाटलं असेल, त्यांचे आकडे माझ्या खोट्या आकड्यांपुढं फिके पडले असते. जिला पास करायला निघाले, तिलाच नापास करत होते मी. तिनं रागवावं असं फार वाटलं. ती रडली.

डावा कान आता परत येणार नाही. उजव्यात इंजेक्शनं सुरू केलीत. काही उरलं तर उरेल. मी विचारलं, पहिल्यापासून खरं लिहिलं असतं तर वाचला असता का? तिनं कागदावर पेन टेकवलं, आणि काही न लिहिता उचललं.

मग तिनं नवी वही दिली. त्या दिवसाच्या तारखेपुढं मी तिच्यादेखत नऊ लिहिलं.

हिमांशू परवा येतोय. तूही रविवारी ये. बेल वाजवू नकोस, उपयोग नाही. दारावर थाप मार, मी दाराला तळवा लावून बसलेली असेन.

लोभ होता तसाच ठेव, आता तो हातालाच कळणार आहे.

तुझी,
उमा