पिशवी कोरडी आहे

एर्मेकदादा,

बिश्केकच्या इस्पितळातून तुझ्या सैकलचा सलाम.

बाबांना किडनी देऊन तू मॉस्कोला कामावर गेलास, त्याला दोन वर्षं झाली. मागच्या आठवड्यात त्यांच्या लघवीतून रक्त आणि बुडबुडे यायला लागले. मी घाबरले, तर ते हसले. "अगं, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं ते कुमिस जास्त झालं, फेसाळतंय! एर्मेकला कळवलंस तर याद राख." मी पाच दिवस गप्प बसले.

काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूत्राशयाच्या भिंतीत जंतूंनी हवा भरलीय. असं क्वचितच होतं. किडनी टिकवायच्या गोळ्यांनी यांची प्रतिकारशक्ती खाल्लीय. गोळ्या थांबवल्या तर हे कदाचित वाचतील, पण किडनी जाईल. भावाला विचारतेस?"

मी तुला विचारलं नाही. गोळ्या थांबवायला सही केली.

आज ताप उतरलाय, पण लघवीच्या नळीची पिशवी सकाळपासून कोरडी आहे. मघाशी बाबांनी विचारलं, "एर्मेकची किडनी ठीक आहे ना गं?"

"अगदी झकास."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुझा फोन येतोय, आणि मला तो उचलायचा धीर होत नाहीये.

तुझी,
सैकल