वनमालाबाईंची जागा

२९ जून १९८६
काल कोसमटोल्याला मुलाखत झाली. काल लिहायला बसले होते, पण हात चालला नाही. बी.एड. झाल्यावरची ही पाचवी. अशी एकही झाली नव्हती.
आमच्या सावली गावाहून पहिली गाडी, गडचिरोलीला उतरून धानोऱ्याकडची दुसरी, मग दीड कोस पायी. बाबा सोबत. पोस्टातून रजा टाकून आले होते.
आश्रमशाळा जंगलाला लागून. समोर तिघं. संस्थेचे सचिव, मु.अ. मडावी सर, आणि एक जण जे शेवटपर्यंत बोललेच नाहीत. सरांनी विचारलं, गोंडी येते का? म्हटलं, पाण्याला येर म्हणतात एवढं येते, बाकीचं पोरी शिकवतील. हसले.
मग तिसरीच्या वर्गात पाठ घ्यायला लावला. अपूर्णांक. फळा ओला, खडू उमटेना. खिडकीशी पळस होता, त्याची डहाळी तोडली. एका देठाला तीन पानं. एक तोडलं, पोरींना विचारलं, किती राह्यलं? आधी सगळ्या पानांकडे बघत राहिल्या. मग एक बोलली आणि मग कोणी थांबेना. घंटा झाली तरी.
निघताना सचिवसाहेब म्हणाले, "सामान बांधायला घ्या बाई. आठ दिवसांत ऑर्डर पाठवतो."
बाबा व्हरांड्यात होते, त्यांनी ऐकलं. परतीच्या वाटेत एवढंच बोलले, "सामान बांध म्हनलं त्याईनं."

३ जुलै
मायनं ट्रंक काढून पुसली. मच्छरदाणीची भोकं शिवली. शेजारच्या दोघींना सांगून पण झालं. मी म्हटलं, ऑर्डर तर येऊ दे. "शब्द देला ना मानसानं," म्हणे.

७ जुलै
आठ दिवस भरले.
घरात पोस्टमन असण्याचा हा त्रास. बाकीच्यांना वाट बघता येते, दुपारपर्यंत तरी. आमच्या घरी सकाळी डाकेची थैली फुटली की कळलं. काही असतं तर बाबा वाटप सुरू करण्याआधी घरावरून गेले असते. अकरा वाजून गेले की समजायचं.

१० जुलै
इथल्या हायस्कूलचे हेडमास्तर स्वतः घरी आले. एक बाई वर्षभराच्या रजेवर जात आहेत, त्यांच्या जागी येता का म्हणून. सावलीतच, घरचं जेवण. बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, तू पाह्य.
मी नाही म्हटलं. तिकडे शब्द झाला आहे म्हटलं. हेडमास्तर म्हणाले, कागद आला का? म्हटलं, येणार आहे.
बरोबर केलं ना. केलं.

२१ जुलै
आषाढी पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं, ते या वर्षी माझ्याकडे. संपल्यावर आयाबाया भोवती जमल्या. "कवा जातेस वो पमे नोकरीवर?" मायनं उत्तर दिलं, "जाईन ना, पानी कमी होऊ दे."
आता पाण्याचं कारण.

२६ जुलै
न राहवून गडचिरोलीला गेले, एकटी. संस्थेच्या ऑफिसात सचिवसाहेब नव्हते. कारकून वयस्क, बरा माणूस. फाईल काढली, बंद केली, म्हणाला, "बसा बाई. कोनी सांगतलं नाई ना तुमाले?"
जागा मोकळी नाही.
तिथे वनमालाबाई म्हणून शिक्षिका आहेत. सात वर्षांपासून. रक्ताचा आजार, डॉक्टर सिकल म्हणतात. मे महिन्यात त्यांनी राजीनामा दिला, म्हणून आमच्या मुलाखती. माझी निवड झालीसुद्धा, कागदावर माझं नाव पहिलं, त्यानं बोट ठेवून दाखवलं. पण जुलै लागताच त्यांच्या नवऱ्याचं पत्र आलं. राजीनामा वापस घेतो, बरी झाली की येईल. संस्थेनं मंजूरही केला नाही, नामंजूरही नाही. बाई चंद्रपूरला दवाखान्यात.
मी विचारलं, मग माझं?
"तिचं काय ते ठरलं, की तुमचं ठरलं."
तो वाईट अर्थानं नाही बोलला. पण मी ते वाक्य घेऊन गाडीत बसले, आणि सावली येईपर्यंत ते माझ्या मांडीवरच होतं.

२ ऑगस्ट
मायला सांगितलं नाही. बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.
रोवणा चालू आहे. मायसोबत चिखलात दिवसभर. धानाची रोपं रोवता रोवता मनात एक विचार आला. त्या बाईबद्दल. पूर्ण लिहीत नाही. माझ्या मनात आला, दुसऱ्या कोणाच्या नाही.

१० ऑगस्ट, रविवार
चंद्रपूर. बाबांना म्हटलं, बाईंना बघून येऊ. ते लगेच तयार झाले. त्यांना वाटलं माणुसकी. मला काय बघायचं होतं, ते मलाच माहीत नव्हतं. खोटं. माहीत होतं. किती दिवस, ते बघायचं होतं.
बायांचा वॉर्ड, भिंतीकडची खाट. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. डोळे हळदीसारखे. नवरा, देवराव, पायथ्याशी बसून पोटऱ्या दाबत होता. वनमजूर आहे. मी म्हटलं, कोसमटोल्याच्या शाळेकडून. अगदीच खोटं नाही.
वनमालाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग, "पळसाच्या पानाच्या बाई तुमीच ना? मडावी सरांनी सांगतलं मले."
मी खाटेची दांडी धरून उभी.
"तुमचं नुकसान केलं म्या," म्हणाल्या. "राजीनामा देला तवा वाटलं, सुटलो. पन तो कागद गेला तशी सासू माह्याकडं पाहून रडे. पाहुने येत ते रडत. मंग ह्याईले म्हटलं, जा, वापस आना तो. कामावर आहो म्हटलं का मानसं रडत नाई."
पोरींचं विचारलं. तिसरीत कोण कोण बसली होती, एकीला डाव्या हातानं लिहायची सवय आहे तिला मारू नका, एकीला ऐकू कमी येते तिला पुढं बसवा. मी ऐकून घेतलं, जसं काही उद्याच वर्गावर जाणार आहे.
तेवढ्यात डॉक्टर आले. आणखी एक बाटली रक्त पाहिजे, आजच. देवरावनं मागच्या महिन्यात दिलं होतं, भावांनी दिलं होतं. आता कोण? तो इकडे तिकडे बघायला लागला. मी म्हटलं, माझं बघा.
का म्हटलं, माहीत नाही. त्या क्षणी मनात काही नव्हतं, एवढं नक्की.
रक्तपेढीत बोटाला सुई टोचली. निळ्या पाण्यात थेंब सोडला. तो बुडायला पाहिजे, तरंगत राहिला. तिथला माणूस म्हणाला, "बाई, तुमच्यातच रक्त नाई. गोळ्या घ्या."
मी वळून बघते तर बाबा शर्टाची बाही गुंडाळत होते. जुळलं त्यांचं.
परतताना मूल गाव येईपर्यंत बाबा खिडकीशी बसून होते, कापसाचा बोळा कोपरात धरून. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तीस वर्षं डाक वाटली पमे. दुसऱ्याच्या नावाचं पत्र आपल्या घरी नाई टाकता येत."

१३ ऑगस्ट
मायला कळलं. बाबांनीच सांगितलं. भांडली नाही. बाबांसाठी गूळ-शेंगदाणे काढून ठेवले, मलाही दिले. ट्रंक खाटेखाली ढकलली.

२५ ऑगस्ट
देवरावचं कार्ड आलं. बाई बऱ्या आहेत, दोन टाईम जेवतात, भिंतीला टेकून बसतात. बाबांचे उपकार जन्मभर. बाबांनी कार्ड दारातच मोठ्यानं वाचून दाखवलं. खूश होते. कार्ड देवळीत नीट उभं करून ठेवलं.
मला आनंद झाला नाही. लिहून ठेवते. मी हसले, मायला म्हटलं बरं झालं, आणि मागं जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच परत.

६ सप्टेंबर
आज बाबा साडेअकराला घरी आले. वाटप अर्धवट टाकून. असं कधी केलं नाही त्यांनी, आजी वारली तेव्हासुद्धा थैली संपवून आले होते. सायकल भिंतीला टेकवली, लिफाफा दिला. दुसऱ्या गठ्ठ्यात अडकला होता, वाटेत सापडला. संस्थेचा शिक्का. फोडला नव्हता. तिथेच उभे राहिले, घाम पुसत, माझ्या तोंडाकडे बघत.
"आपली निवड विचाराधीन आहे. पुढील कळवेपर्यंत वाट पाहावी."
दोन ओळी. मी तिसऱ्यांदा वाचत असताना बाबांनी टोपी डोक्यावर नीट केली. "बराय," म्हणाले. "नाई असं तर नाई म्हनलं." आणि सायकल काढली. फाटकाशी जरा अडखळले.
ते म्हातारे झाले आहेत, हे मला आज दिसलं.

२२ सप्टेंबर
हायस्कूलच्या रस्त्यानं बाजारात गेले. आतून मुलं पाढे म्हणत होती. माझी झाली असती ती जागा मूलच्या एका पोरीला मिळाली. दिसली खिडकीतून. चांगली शिकवते.
त्यांना नाही म्हटलं. ह्यांनी हो म्हटलं नाही.

३ ऑक्टोबर
मडावी सर घरी आले. मडावी सर, आमच्या घरी. गुडघ्यापर्यंत धूळ. मायनं खाटेवर चादर टाकली. सर टोकावर बसले.
म्हणाले, जूनपासून तिसरीला बाई नाही. पोरी चौथीत नेऊन बसवतो, त्यांना काही समजत नाही, दोघी पळून घरी गेल्या. "ऑर्डर नाई माह्या हातात. पगाराचंही मी बोलू शकत नाई. खोटं सांगून नेनार नाई तुमाले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शिकवाले या."
माय भडकली. "फुकट राबाले शिकवली का पोरीले?"
सर खाली बघून म्हणाले, "बरोबर आहे बाई तुमचं." मग माझ्याकडे वळले. "वनमालाबाई पुन्हा भरती झाल्या, पोळ्यानंतर. त्याच म्हनल्या मले, त्या पोरीले बोलवा."
मी विचारलं, त्या परत आल्या तर?
"तर तुमी घरी जान."
आणि नाही आल्या तर?
सरांनी कपातल्या चहाकडे बघितलं. "ते मले नका विचारू बाई."
सर गेल्यावर बाबा म्हणाले, "तुले काय वाटते?"
मला पोरी दिसत होत्या. आणि त्यांच्यामागं, खोटं कशाला, ती जागा पण दिसत होती. दोन्ही वेगळं करता येईना. अजून येत नाही.

६ ऑक्टोबर
कोसमटोला. बाबा गडचिरोलीपर्यंत आले. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे. "पत्र टाकत जाय." मायनं शेवटी तांदूळ बांधून दिले, पण फाटकापर्यंत आली नाही.
राहायला वनमालाबाईंचीच खोली. दोरीवर त्यांचं एक लुगडं. देवळीत फणी, तेलाची बाटली, अर्धी. मी माझी ट्रंक दाराशी ठेवली. त्यांचं काही हलवलं नाही.

९ ऑक्टोबर
डाव्या हाताची सापडली. ऐकू कमी येणारी पण सापडली, पुढं बसवली. पळून गेलेल्या दोघींपैकी एक आज आपल्या बापासोबत परत आली.
मला नव्या बाई म्हणतात. वनमालाबाईंना नुसतं बाई.
शिकवताना एक तास काहीच आठवलं नाही. ना सचिव, ना लिफाफा. तास संपला आणि सगळं परत.

१३ ऑक्टोबर
पोरी रोज विचारतात, बाई कशा आहेत? मी म्हणते, बऱ्या आहेत. मला माहीत नसतं.
आज संध्याकाळी खोलीत बसून बाबांना पत्र लिहिलं. मजेत आहे, जेवण चांगलं आहे. खोलीत कोणाचं सामान आहे ते नाही लिहिलं. पाकीट चिकटवताना मनात आलं, हे पत्र सावलीत पहिलं बाबांच्याच हातात पडेल, आणि ते दुसऱ्यांचं सगळं वाटून झाल्याशिवाय फोडणार नाहीत.

१७ ऑक्टोबर
प्रार्थना चालू असताना देवरावचा भाऊ सायकलनं आला. सर त्याला घेऊन चिंचेखाली गेले. तो बोलत होता, सर मान हलवत होते. दोघांचीही पाठ आमच्याकडे. पोरी प्रार्थना म्हणत होत्या, मी पण म्हणत होते.
सर परत आले. म्हणाले, "मी चंद्रपूरले जाऊन येतो. शाळा सांभाळा." पुढं काही नाही. विचारलं असतं तर माझ्या आवाजात काय काय ऐकू गेलं असतं, कोण जाणे.
जाताना शिक्षकांच्या हजेरीचं मस्टर माझ्या हातात दिलं. मी आजवर उघडून बघितलं नव्हतं. माझं नाव त्यात नाही, असायचं कारणही नाही. चौथं नाव वनमालाबाईंचं. त्यांच्या ओळीत एक तारखेपासून रोज सरांच्या अक्षरात एकच शब्द. रजा, रजा, रजा.
आजच्या चौकटीत काय लिहायचं, ते सर सांगून गेले नाहीत.
तिसरीचा वर्ग भरला होता. पोरी वाट बघत होत्या. मी पेन झटकलं, आणि जमेल तेवढ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, रजा.
सर अजून आले नाहीत.