डब्यावरची पट्टी

सक्करदरा, नागपूर
१८ मे

प्रिय आशू,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. धर्मेंद्रचा अर्धा दिवस कूलरमध्ये पाणी भरण्यात जातो, माझा त्याच्यावर ओरडण्यात. आईचा गुडघा बरा आहे. तू पाठवलेल्या पन्ह्याला ती कोणाला हात लावू देत नाही. "आशूच्या हाताले यश आहे वं, चारू," हे मात्र प्रत्येक घोटाबरोबर ऐकवते.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर मी विषय बदलते.

परवाही तेच केलं. तू रडत होतीस. "ताई, माह्या हातानंच झालं वं. लाइट गेली तेव्हा मी झोपून राहिली होती, अंडी तापली असतील." एका पिल्लाची शेपटी वाकडी, दुसऱ्याचे डोळे उघडलेच नाहीत आणि तिसऱ्या दिवशी ते गेलं. आता पाळलेल्या सगळ्या गेको पाली कोणाला तरी देऊन टाकायच्या म्हणालीस. मी म्हटलं, "उन्हाळाच वाईट," आणि तुझ्या सासूबाईंची तब्येत विचारली.

आशू, तुझा पहिला गेको, गोलू, तुला मीच दिला होता. किडा चिमट्यात कसा धरायचा, अंड्यावर पेन्सिलीने ठिपका करून ते न फिरवता कसं ठेवायचं, सगळं मी शिकवलं. दीड वर्षात धरमपेठेतली पोरं तुझ्या दारात गर्दी करायला लागली. आईच्या पंचाहत्तरीला तुझ्या खांद्यावर गोलू आणि भोवती सगळं गणगोत. मिनलच्या मुलीने मला विचारलं, "मावशी, तुम्हीपण पाळता का?" मी हसले. आतून नुसता जळफळाट झाला. माझ्याकडे तेव्हा सात वर्षांपासून पाली होत्या.

पुढच्याच आठवड्यात तू म्हणालीस, गोलूसाठी बाहेरच्या रक्ताची मादी बघून दे. मी पुण्याच्या एका माणसाचं नाव सांगितलं.

तो माणूस नाहीच. मादी माझ्याच कपाटातली, गोलूच्याच आईबापाची, त्याच्या नंतरच्या खेपेची. त्याची सख्खी बहीण. आपण डब्यावर आईबापाची नावं आणि तारीख लिहून पट्टी लावतो ना, ती मी सोलून काढली आणि नव्या पट्टीवर 'पुणे' लिहिलं.

त्या आईबापाच्या जोडीला पूर्वी एक वाकड्या शेपटीचं पिल्लू झालं होतं. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. दोष रक्तात दडलेला असला आणि भावाबहिणीची जोडी लावली, तर तो दोन्हीकडून येऊन पिल्लात निघू शकतो, हे तुला मीच शिकवलेलं. निघेलच असं नाही, अशी मनाची समजूत घातली. खरं सांगू? निघावा असंच वाटत होतं. एकदा तरी तुझ्या हाताचं काहीतरी बिघडावं आणि आईने ते बघावं.

आईने बघितलं. तुझा फोन ठेवल्यावर म्हणाली, "असं काहून झालं असंल? तिच्या हाताचं तर कधी बिघडत नाही." रात्री जेवली नाही. मला बरं वाटेल असं मी धरून चालले होते. भाकरी मलाही गेली नाही.

गोलूला आणि तिला आजच वेगळं कर. उबवणीच्या पेटीतली दोन अंडी पुढच्या आठवड्यात फुटतील. त्यातून कसंही पिल्लू निघो, त्यात तुझी चूक नाही. वाकड्या शेपटीचं पिल्लू खातं आहे ना, मग ते जगेल. त्याला प्रेमाने पाळ, फक्त त्याची जोडी कधी लावू नकोस, आणि त्याच्या भावंडांचीही नको.

ती जुनी पट्टी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली होती. फेकवली नाही. या पत्राच्या मागे लावली आहे, आईबापाची नावं गोलूच्या पट्टीशी ताडून बघ. आईला मी आज संध्याकाळी सांगते.

मला घरात घेऊ नये असं वाटलं तर नको घेऊस. पाली मात्र देऊन टाकू नकोस. तुझ्या हाताला यश आहे. हे आई म्हणत नाही, मी लिहिते आहे.

अजून म्हणशील तर,
तुझी ताई
चारुशीला